बिनगरजेचं उसनं

माणसाची पत गेली की ते सगळ्यात आधी भाजीवालीला कळतं. आमच्या आचोळ्याच्या नाक्यावर एक बाई बसायची. बाकीच्यांच्या पिशवीत ती आधी भाजी टाकायची आणि मग पैसे मागायची. माझ्यासमोर मात्र आधी हात. एका हातात कोथिंबिरीची जुडी घट्ट धरलेली, दुसरा हात पसरलेला. मी पैसे सोडले की ती जुडी सोडणार. पिक्चरमध्ये पुलावर ओलीस ठेवलेल्या माणसाची अदलाबदल करतात ना, तसला प्रकार.

मला राग नाय यायचा. तिच्या जागी मी असतो तर मी मला कोथिंबीर लांबून पण दाखवली नसती.

माझी पिठाची गिरणी होती. म्हणजे चक्की माझी, मोटर माझी, पट्टा माझा, पीठ लोकांचं आणि गाळा भाड्याचा. गाळ्याचे मालक वटारचे वाडीवाले काका. केळी, पानवेली, फुलं, असं सगळं त्यांचं. घरी ते त्यांच्या बोलीत बोलायचे, त्यातलं मला अर्धं कळायचं. माझ्याशी साधं बोलायचे, कारण मला भाड्याचं तरी पूर्ण कळावं. महिन्याच्या महिन्याला यायचे आणि येताना केळ्याची फणी आणायचे. मी अर्धं भाडं द्यायचो आणि अर्ध्या भाड्याचं कारण द्यायचो. लाईट बिल जास्त आलं. पट्टा तुटला. दगडाला टाके मारायला माणूस बोलवला. काका बसायचे, ऐकायचे, चहा प्यायचे आणि केळी तिथंच ठेवून जायचे. भाडं न्यायला आलेला माणूस मलाच काहीतरी देऊन जायचा.

एका दिवाळीनंतर आले ते केळी न घेताच. मी तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

"बाबा, मला आता भाडं मागायचा कंटाळा आला," काका बोलले. "गाळा विकून टाकतो. गोखिवऱ्याचा एक बादल्यावाला आहे, प्लास्टिकच्या बादल्या करतो. त्याला गोडाऊन पाहिजे. उद्या सांगितलं तर उद्या पैसे देईल. पण तू इथं एवढी वर्षं आहेस. पुढच्या दिवाळीपर्यंत तुझी मुदत. पैसे आणलेस तर गाळा तुझा. नाय आणलेस तर बादल्या."

एवढं बोलून चहा न पिता गेले. त्या गाळ्यावर आमचं घर चालायचं. शाळेत मी गेलेलो, पण शाळा काय माझ्यात आली नाय. चक्की सोडून दुसरं काय येत नव्हतं, आणि चक्की पण कशी येत होती ते गिऱ्हाईकांना विचारा.

बायको बोलली, "कर्ज काढा."

मी बोललो, "मला कोण देणार?"

ती बोलली, "ते मला पण माहीत आहे. पण विचारून तर या."

तर मी स्टेशनजवळच्या पतपेढीत गेलो. मॅनेजरसाहेबांसमोर बसलो.

"गाळ्यासाठी कर्ज पाहिजे."

"कुणाला?"

"मला."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बहुतेक त्यांना वाटलं की चष्मा पुसल्यावर खुर्चीत दुसरं कुणीतरी दिसेल.

"तुमचं मागचं कर्ज..."

"फिटलं, साहेब."

"फिटलं. पण कसं फिटलं ते मला आठवतं."

मला पण आठवतं. आता सांगतोच.

त्याच्या काही वर्षं आधी मी ह्याच पतपेढीतून कर्ज काढलं होतं, मसाला कुटायच्या डंकासाठी. उन्हाळ्यात आमच्याकडे बायका मिरच्या घेऊन लांब लांब जायच्या मसाला कुटायला. गिरणीत डंक लावला तर ते सगळं गिऱ्हाईक माझं. विचार चांगला होता. चांगले विचार मला येतात, राहत नाय.

पैसे हातात आले आणि डंकवाल्याकडे जाताना रस्त्यात एक टीव्हीचं दुकान लागलं. काचेत पाच-सहा टीव्ही एकदम चालू, सगळ्यांवर एकच मॅच. मी उभा राहिलो. एक ओव्हर बघितली. मग डोक्यात हिशेब सुरू झाला. डंक चालणार उन्हाळ्यात दोन महिने. टीव्ही चालणार बारा महिने. गिरणीत कलर टीव्ही लावला तर लोक दळण घेऊन माझ्याकडेच येणार. म्हणजे टीव्ही हेच खरं धंद्याचं मशीन.

टीव्ही लावला. लोक आले. डबे घेऊन नाय आले, खुर्च्या घेऊन आले. बाकावर, पायरीवर, गव्हाच्या पोत्यांवर, सगळीकडे बाप्ये. त्यांना बघून बायका दळण घेऊन परत जायच्या. आणि गंमत अशी की मोटर चालू केली की मॅचचं बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून सगळे ओरडायचे, "ए, बंद कर ती!" आणि मी बंद करायचो. स्वतःची गिरणी बंद करून फुकट्यांना मॅच दाखवणारा सगळ्या नालासोपाऱ्यात मी एकटाच असेन.

हळूहळू टीव्हीतलं सगळं पांढरं दिसायला लागलं. मैदान पांढरं, प्रेक्षक पांढरे. आम्ही बोललो, तिकडे धुकं असेल. एक दिवस फट्ट करून आवाज आला आणि धूर. टीव्हीवाल्या मेकॅनिकनं मागचं झाकण उघडलं आणि आतून पीठ सांडलं. चाळलं असतं तर एक भाकरी झाली असती. तो बोलला, "ज्वारीचं दिसतंय." मी बोललो, "मिक्स आहे."

टीव्ही गेला, हप्ते राहिले. पहिले दोन भरले, मग थांबले. पतपेढीचे वसुलीवाले काका यायला लागले. ते कधी ओरडले नाय. येऊन बाकावर शांत बसायचे. कुणी बाई विचारायची, "काका, तुमचं दळण कुठलं?" ते बोलायचे, "माझं अजून यायचंय." सगळ्यांना कळायचं. मग पतपेढीनं बाहेर थकबाकीदारांचा फळा लावला. त्यावर माझं नाव. खडूनं नाय, ऑइल पेंटनं. त्यांचा माझ्यावर तेवढा विश्वास होता.

आणि शेवटी ते जामीनदाराकडे गेले. जामीनदार म्हणजे माझ्या बायकोचा मोठा भाऊ, मुंबईला हापिसात नोकरीला, वसई पश्चिमेला स्वतःचा फ्लॅट. मी त्यांना दादाच बोलायचो. मी डंक लावणार म्हणून त्यांनी चहा पिता पिता सही केली होती. आता त्यांच्या पगारातून महिन्याच्या महिन्याला माझा हप्ता कापायला लागले. असे बरेच महिने कापले. उरलेलं मी रडत रडत, दंड भरत भरत फेडलं आणि सगळ्यांना सांगत सुटलो, "फिटलं!"

दादा मला एक शब्द पण बोलले नाय. फक्त भाऊबीजेला निरोप यायचा तो बायकोला एकटीला यायचा. मी बायकोला त्यांच्या बिल्डिंगपर्यंत सोडायचो आणि खाली पाण्याच्या टाकीवर बसून राहायचो. त्यांची पोरगी खाली फराळाची बशी घेऊन यायची. "आत्तोबा, बाबा बोलले, बशी परत पाठवा." मी चकली खायचो, बशी पाठवायचो. एक वर्ष बशी स्टीलची आली. मला वाटलं, काचेची फोडीन म्हणून.

तर हे सगळं मॅनेजरसाहेबांना आठवत होतं. तरी माणूस चांगला. बोलले, "असं करा. दहा महिने आमच्याकडे पिग्मी चालवा. रोज थोडे थोडे पैसे, एक दिवस चुकवायचा नाही. आमची एजंट बाई येईल गिरणीत. तेवढा तुमचा स्वतःचा हिस्सा जमेल. आणि दोन पगारदार जामीनदार आणा. मग मी विचार करतो."

"जामीनदार कोण राहणार, साहेब?"

"ते तुम्ही मिळवायचे. हे बघा, पत म्हणजे काय? घ्यायचं आणि वेळेवर परत द्यायचं. लोकांना तुमच्याकडून परत मिळायची सवय झाली पाहिजे."

साहेब सहज बोलले असतील. मी ते वाक्य घरी घेऊन आलो आणि त्याला खतपाणी घातलं.

पिग्मी जोरात सुरू झाली. एजंट बाई दुपारी छत्री घेऊन यायच्या. त्या लांबून दिसल्या की मी चक्कीच्या आवाजावर ओरडायचो, "या, या! आजचे पैसे तयार आहेत!" सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जायला पाहिजे ना.

"अहो, हळू बोला," त्या बोलायच्या. "लोकांना वाटेल मी तुम्हाला लुटायला येते."

पण जामीनदारांचं काय? त्यावर मी रात्रंदिवस विचार केला आणि मला ते सुचलं. लोकांना माझ्याकडून परत मिळायची सवय नाय, कारण लोक मला देतच नाय. म्हणजे मी आधी घ्यायला पाहिजे. गरज असो नसो. घ्यायचं, आणि सांगितलेल्या वेळेच्या आधी परत. असं चार-पाच महिने केलं की आख्खी बिल्डिंग बोलणार, काय माणूस आहे, घड्याळ आहे! आणि मी मुद्दाम पगारदारांकडूनच घ्यायचं ठरवलं. तेच तर पुढे सह्या करणार.

पहिला नंबर समोरच्या सरांचा. शाळेत मास्तर, सरळ माणूस. संध्याकाळी दार वाजवलं.

"सर, पन्नास रुपये द्या. उद्या सकाळी सातला परत."

"देतो. पण कशाला हवेत?"

आता बघा. मी सगळं ठरवलं होतं. कुणाकडून, किती, कधी परत. कशाला, हे ठरवलंच नव्हतं.

"कशाला म्हणजे..." मी बोललो, "परत द्यायला."

सर माझ्याकडे बघत राहिले. वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघतात तसे. मग दिले.

रात्रभर नोट डब्यात ठेवली. उगाच कुठे खर्च व्हायला नको. सकाळी सहालाच दार वाजवलं. सर तोंडात ब्रश घेऊन आले. "घ्या सर. शब्द म्हणजे शब्द." सरांनी ब्रश तसाच ठेवून मान हलवली. मी तीच नोट दिली, घडी पण तीच. म्हणजे त्यांना कळावं की मी हात सुद्धा लावला नाय.

मग दुसऱ्या मजल्यावरचे रेल्वेतले काका. त्यांना तीच नोट परत दिली तर ते ती दिव्यासमोर धरून बघायला लागले. "हीच दिली होती मी?" "हीच." "मग काल नेलीत कशाला?" त्यांना वाटलं मी खरी घेऊन खोटी देतोय. दोन दुकानांत दाखवून आले. खरी निघाली तेव्हा अजूनच घाबरले.

पैशावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. वस्तू पण घ्यायला लागलो. तिसऱ्या मजल्यावर बँकेत नोकरीला असणाऱ्या ताईंची इस्त्री मागितली. बोललो, अर्ध्या तासात आणून देतो. घरी आणून लावली, कारण न वापरता कशी परत द्यायची? बायको घरी नव्हती. एक शर्ट अर्धा झाला आणि बघतो तर अर्धा तास संपत आलेला. इस्त्री लालबुंद. पण वेळ म्हणजे वेळ! पंच्यात गुंडाळली आणि जिन्यानं धावत वर. पंचा जळाला, माझी दोन बोटं भाजली, ताईंच्या दारातल्या पायपुसण्याला भोक पडलं. आणि मी घामाघूम होऊन बोलतोय, "ताई, दोन मिनिटं आधीच आणली!"

असं मी शिडी घेतली, बॅटरी घेतली, पाटा घेतला. पाटा वरून खाली आणताना दोन माणसं लागली, परत नेताना कुणी आलं नाय.

मला वाटत होतं माझी पत वाढतेय. लोक माझ्याकडे वेगळंच बघत होते, हे खरं होतं. जिन्यात दिसलो की दार ओढून घेत होते. मी बोललो, आदर असेल.

पहिलं कळलं ते गिरणीत. पूर्वी बायका डबा ठेवून बाजारात जायच्या. आता डब्याशेजारी उभ्या राहायच्या. पीठ पडताना डोळे लावून. एक म्हातारी तर बोलली, "बाबा, खरं सांग, तुला कमी पडत असेल तर वाटीभर घे, पण सांगून घे."

मग बिल्डिंगमध्ये पाण्याचा टँकर आला त्या दिवशी माझं बिंग फुटलं. बायको हंडा घेऊन रांगेत. पुढच्या बाईनं हळूच विचारलं, "वहिनी, घरी सगळं ठीक आहे ना? तांदूळ देऊ का थोडे? संकोच करू नका." मागची बोलली, "आमच्याकडे काल आमटी जास्त झाली होती, पाठवणार होते." बायकोला काय कळेना. आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. पन्नास रुपये, इस्त्री, पाटा.

वटारपर्यंत ही बातमी कशी गेली ते मला आजपर्यंत कळलं नाय. केळ्याच्या टेम्पोतून गेली असेल. पण त्याच आठवड्यात काका गिरणीत आले आणि बरोबर एक टापटीप माणूस. गोखिवऱ्याचा बादल्यावाला.

"दिवाळीला अजून वेळ आहे, काका," मी बोललो.

"वेळ आहे," काका बोलले. "पण ऐकलं ते बरं नाय ऐकलं. ह्यांना नुसतं बघू दे."

बादल्यावाल्यानं खिशातून मापाची टेप काढली. इकडे तिकडे बघितलं आणि टेपचं टोक माझ्या हातात दिलं. "जरा तिकडे भिंतीला धरा ना." आणि मी धरलं. माझाच गाळा माझ्या हातून जात होता आणि मी बोलतोय, "बस का? अजून ताणू?" लांबी मोजून झाली, रुंदी पण मीच मोजून दिली. चक्कीच्या जागेकडे बोट करून तो बोलला, "इथं मोठ्या बादल्या राहतील." मी बोललो, "हो, आणि इथं छोटे मग." सवय असते, गिऱ्हाइकाला नाय बोलायचं नसतं.

घरी गेलो तर बायको दारातच.

"किती जणांकडून घेतलेत?"

"सगळ्यांचं परत केलंय! विचार कुणालाही! वेळेच्या आधी!"

"गरज नसताना घेतलंत, गरज नसताना परत केलंत. कुणाला काय मिळालं ह्यात?"

"पत."

"कसली पत? लोक मला आमटी देतायत!" मग ती बसली, आणि आवाज एकदम खाली आला. "एक सांगा. ज्याचं खरंच घेतलंत, त्याला दिलंत?"

"पतपेढीचं सगळं फिटलं की."

"पतपेढी नाय. माझा दादा. त्याचा पगार कापला ते कधी दिलंत?"

मी बोललो, "त्यांनी मागितलंच नाय कधी."

"नाय मागितलं," ती बोलली. "म्हणून तुम्ही खाली टाकीवर बसता ना."

मी पिग्मीचं पुस्तक काढलं आणि किती जमलेत ते मोजत बसलो.

पावसाळा संपत आला तेव्हा पिग्मीचे दहा महिने भरले. पैसे हातात आले. गाळ्यातला आमचा हिस्सा म्हणून जमवलेले, आणि त्या वेळेला घरात तेवढेच. दादांच्या पगारातून कापलेलं जवळपास तेवढंच होतं. मला वाटलं बायको बोलेल, आधी गाळ्याचं बघू. ती आत गेली, साडी बदलून दारात उभी राहिली. टीव्हीचं दुकान त्याच रस्त्यावर होतं, म्हणून पैशाची पिशवी तिनंच धरली.

रविवार होता. पहिल्यांदाच टाकीपाशी थांबलो नाय, वर गेलो. दार दादांनीच उघडलं.

"भाऊबीज लांब आहे अजून," ते बोलले.

"पैसे आणलेत, दादा."

"कुणाचे?"

"तुमचे."

ते बाजूला झाले. आम्ही आत गेलो. त्यांनी पंखा लावला. मी बोललो, पंखा लावला म्हणजे बसायला हरकत नाय. बायकोनं पिशवी दिली, दादा दिवाणावर बसून नोटा मोजायला लागले. रबर काढलं आणि पंख्याच्या वाऱ्यानं वरच्या नोटा उडाल्या. एक कपाटाखाली, एक मोरीकडे, बऱ्याचशा दिवाणाखाली. दादांच्या मिसेस, म्हणजे वहिनी, पंखा बंद करायला धावल्या, त्यांनी घाईत ट्यूबलाईट बंद केली. मी आणि दादा दोघं गुडघ्यावर, दिवाणाखाली अंधारात हात घालतोय. डोकी आपटली.

"लागलं का, भावोजी?" दादा बोलले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा भावोजी.

"नाय, नाय."

मग तिथंच, दिवाणाखाली डोकं घालून, ते हळू आवाजात बोलले, "पैशाचं एवढं काय वाटलं नाय. हापिसात साहेबानं सगळ्यांसमोर विचारलं, कोणाला जामीन राहिलात हो? मी बोललो, आहे एक ओळखीचा. तुमचं नाव नाय घेतलं. बहिणीचा नवरा आहे असं कसं सांगणार?"

मी एक नोट हातात धरून तसाच पडून राहिलो. धूळ नाकात गेली म्हणून डोळ्याला पाणी आलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

वर आलो. दादांनी परत पहिल्यापासून मोजलं. बरोबर भरलं.

"व्याज?" ते बोलले.

माझं तोंड उघडं पडलं. बायकोचं पण.

"गंमत केली," दादा बोलले. "व्याजाचं दळून द्या. महिन्याचे गहू पाठवतो. बारीक पाहिजे, मागच्यासारखं भरड नको."

चहा आला. मग मी धीर करून गाळ्याचं सांगितलं. काका, बादल्या, दिवाळी, सगळं. आणि दोन जामीनदार लागतात ते पण. दादांनी कप खाली ठेवला.

"भावोजी, पैसे आणलेत, बरं वाटलं. पण तुमच्यासाठी सही नाय करणार."

"बरोबर आहे," मी बोललो. खरंच बरोबर होतं.

"हिच्या नावावर काढा," ते बोलले. "हिला मी डोळे मिटून जामीन राहतो."

बायको चहा ढवळत होती ती थांबली. "मी? मी कर्ज काढू?"

"का? तू कधी कुणाचं ठेवलंयस?"

तिनं चमचा बशीत ठेवला. मग माझ्याकडे न बघता बोलली, "काढते."

सोमवारी आम्ही तिघं पतपेढीत. मी मागे. साहेबांनी मला बघितल्याबरोबर हात चष्म्याकडे नेला, पण मग बायकोकडे लक्ष गेलं आणि ते उठूनच उभे राहिले.

"वहिनी, तुम्ही? या, या! आमची मंडळी तुमच्याच भिशीत आहेत ना!"

आमच्या बिल्डिंगमधल्या आणि आजूबाजूच्या बायकांची भिशी बायको चालवायची. दर महिन्याला सगळ्यांनी सारखे पैसे काढायचे, चिठ्ठी टाकायची, जिची निघेल तिनं सगळे उचलायचे. मला वाटायचं, बायकांचा चहाचा कार्यक्रम आहे. तिथं साहेबांच्या घरच्या होत्या, छत्रीवाल्या एजंट बाई होत्या, तिसऱ्या मजल्याच्या ताई होत्या. आणि इतक्या वर्षांत एकीचा एक रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता. मी दुसऱ्याच्या घरात पत शोधत जिने चढत होतो आणि पत माझ्या घरी भांडी घासत होती. ह्या खेपेची चिठ्ठी तिनं बायकांना सांगून स्वतःसाठी मागून घेतली. एकीनं पण नको बोललं नाय. हिश्श्याचे पैसे असे उभे राहिले.

"दुसरे जामीनदार?" साहेबांनी विचारलं.

बायको बोलली, "समोरचे सर येतायत." आणि सर खरंच आले, शाळा सुटल्यावर, हातात छडी-बिडी नाय पण चेहऱ्यावर होती. सही करण्याआधी त्यांनी एकदा विचारलं, "कर्ज वहिनी घेतायत ना? नक्की?"

"नक्की," आम्ही सगळे एकदम बोललो. मी सगळ्यात मोठ्यानं.

साहेब फॉर्म भरायला लागले. नाव, पत्ता, धंदा.

"धंदा?"

"पिठाची गिरणी," बायको बोलली.

"आणि हे?" साहेबांनी पेनानं माझ्याकडे दाखवलं. "मिस्टर काय करतात?"

बायकोनं माझ्याकडे वळून बघितलं. नीट बघितलं, वरून खालपर्यंत. माझ्या भुवयांवर सकाळचं पीठ तसंच होतं.

"गिरणीतच असतात."

"म्हणजे कामाला?"

"हो," ती बोलली. "सध्या ठेवलंय. बघू कसं काम करतात ते."

दादा खोकल्यासारखं करून हसले. दिवाळीच्या आधी काकांनी गाळ्याचे कागद केले, आणि तिच्या हातात दिले. बादल्यावाल्याला दुसरीकडे जागा मिळाली, तिथं पण टेपचं टोक धरायला मला नेलं असतं तर मी ताणून अजून मोठी करून दिली असती.

पहिल्या हप्त्याच्या दिवशी गिरणीत गर्दी होती. बायकोनं गल्ल्यातून पैसे काढले, मोजले, रबर लावलं. मला वाटलं दादांबरोबर पाठवेल, नाय तर एजंट बाईंबरोबर. तिनं पुडकं माझ्यासमोर धरलं.

"तुम्हीच जाता का? मला भाजणीचं दळायचंय."

"एकटा?"

"मग काय हात धरून नेऊ?"

मी पुडकं शर्टाच्या आत घातलं आणि निघालो. टीव्हीच्या दुकानावरूनच रस्ता होता. आत मॅच चालू होती, कुणीतरी आऊट झालं, लोक ओरडले. मी मान वळवली नाय. खरं सांगायचं तर थोडी वळवली. पण पाय थांबवले नाय, आणि हात छातीवर धरून चाललो. समोरून येणारा एक ओळखीचा बोलला, "काय रे, छातीत दुखतंय का?"

"नाय," मी बोललो, "हप्ता आहे."